सहलीस न आलेली मुले
(बोरी अरब येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपण सर्वांनी पाहिला. ज्या बालकांनी येथे येऊन नारळ व पारितोषिक स्वीकारले त्यांचे व त्यांच्या मातापित्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. चिटणीसांनी आम्हांस ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. परंतु हा विषय इतका मोठा आहे, आणि आजवर त्यावर इतके बोलून झाले आहे, की आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या प्राथमिक शिक्षकाने त्यात नवी भर ती काय घालावी? म्हणून चिटणीसांची क्षमा मागून आम्ही आमच्या आटोक्यातला विषय घेतला आहे. चौथीच्या एका वर्गाने वर्षभरात वर्गात काय केले, वर्गाबाहेर तो कोठकोठे गेला, आणि त्या वेळी कोण गेले नाही, एवढेच आम्ही सांगणार आहोत. यातील शेवटचा भाग ऐकावयास गोड नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

आम्ही १९७४ साली मॅट्रिक झालो, अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे पुरी केली आणि १९७७ पासून २०१५ पर्यंत शिक्षकाची नोकरी केली. त्यातील बरीच वर्षे याच बोरी अरबात गेली व बहुतेक वेळा चौथीचा वर्ग आमच्याकडे असे. चौथीचा वर्ग कोणी आवडीने मागून घेत नसे. त्या काळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीस होती, आणि वर्गातील किती मुले शिष्यवृत्तीस बसली यावर शिक्षकाची किंमत ठरे. वर्ग घेऊन गुरुजी नदीकडे निघाले की ओट्यावर बसलेल्या मंडळींपैकी कोणी तरी हटकून विचारी, “काहून गुरुजी, आज शिकवायचा कंटाळा आला का?” आम्ही हसून पुढे जात असू. उत्तर देत बसलो असतो तर मुले नदीवर आमच्या आधी पोहोचली असती!

१९८८-८९ सालचा वर्ग आमच्या विशेष स्मरणात आहे. जून-जुलैत मुलांनी शिवारातील झाडांच्या बिया गोळा केल्या. साग, पळस, बेहडा, चारोळी, मोह, अशा बिया आगपेटीच्या रिकाम्या डब्यांत भरून त्यांवर नावे लिहिली. चारोळीचा डबा दुसऱ्या दिवशी रिकामा सापडला. त्याची चौकशी आम्ही केली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. ज्यांच्या घरी लाकडी बैल होते त्यांनी ते आणले, ज्यांच्या घरी नव्हते त्यांनी नदीकाठच्या चिकणमातीचे केले, आणि पुढे आठ दिवस त्या बैलांवर आमचे गणित चालले. पोस्टात जाऊन प्रत्येक मुलाने एक कार्ड विकत घेतले आणि आपल्या मामास स्वहस्ते पत्र लिहिले. उत्तर कोणाकोणास आले याचा तक्ता भिंतीवर लावला होता. ज्या मामांनी उत्तर पाठविले नाही त्यांची गावात पुष्कळ दिवस शोभा झाली.

भूगोलाचा पाठ आम्ही शाळेच्या अंगणात घेत असू. आपली अडाण नदी वाशीम जिल्ह्यात उगम पावते, पुढे पैनगंगेस मिळते. पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांची मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीस मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. पुस्तकात हे चार ओळींत येते, आणि पाठ करून चार दिवसांत विसरता येते. आम्ही मुलांकडून ओल्या मातीत या सर्व नद्या कोरून घेतल्या. बोरीच्या जागी एक पांढरा खडा ठेवला आणि त्या खड्यापाशी तांब्याने पाणी ओतले. पाणी पैनगंगेपर्यंत गेले आणि तेथे जिरले. दुसरा तांब्या ओतला, तो वर्धेपर्यंत गेला. अकराव्या तांब्यास पाणी समुद्रास पोहोचले, तेव्हा मुलांनी जो ओरडा केला तो ऐकून मुख्याध्यापक धावत बाहेर आले. बोरीचे पाणी अकरा तांब्यांत समुद्रास जाते, अशी त्या वर्गातील काही मुलांची समजूत पुढेही राहिली असेल. तो दोष आमचा.

असल्या शिक्षणाचा शोध आम्ही लावला, असा आमचा दावा मुळीच नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली ती आपल्या शेजारच्या वर्ध्यासच, आणि हाताने काम करीत शिकावयाचे ही बुनियादी शिक्षणाची कल्पना तेथूनच देशभर गेली. मात्र आमच्या बालपणी तिच्यातली टकळी तेवढी शाळेत उरली होती. आम्ही रोज टकळीवर सूत काढीत असू, परंतु तो कापूस कोठून आला, सूत कोठे गेले, हे कोणी सांगितल्याचे स्मरत नाही. हाताला काम मिळाले आणि डोके मोकळे राहिले. तेव्हापासून आमच्या मनात होते की शिक्षक झालो तर कापसाचा पाठ निराळ्या रीतीने घेऊ.

तो योग १९८८ च्या डिसेंबरात आला. आपल्या भागात दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडू लागतो, हे आपणांस ठाऊक आहेच. मुली आईबरोबर वावरात जातात, मुलगे धाकट्या भावंडांस सांभाळतात. मुले कापसाकडे जातात, तर शाळेनेही कापसाकडे जावे, असा विचार करून आम्ही वर्गाची सहल दारव्ह्याच्या एका जिनात न्यावयाचे ठरविले. प्रत्येकी चार रुपये वर्गणी ठेवली. काही शेतकरी पालकांनी बंड्या जुंपून दिल्या. त्यांतून मुले लाडखेड स्थानकापर्यंत गेली आणि तेथून ‘शकुंतला’ आगगाडीने दारव्हा मोतीबागेस. परतीचा प्रवास एस.टी.ने झाला.

ती गाडी आता इतिहासजमा झाली, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा मोह आवरत नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा एकशे तेरा किलोमीटरचा अरुंद मार्ग क्लिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लावण्यासाठी बांधला. स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे तो मार्ग खासगी मालकीचाच राहिला. मँचेस्टर येथे १९२१ साली घडविलेले वाफेचे इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढीत होते. पुढे डिझेलचे आले, आणि २०१६ च्या सुमारास गाडीच बंद पडली. वेग म्हणाल तर सायकलस्वाराने शर्यत लावावी एवढाच. पण आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी आगगाडीत पाऊल ठेवले ते त्या दिवशी प्रथम. ज्या कापसासाठी हे रूळ टाकले गेले तो वेचणाऱ्यांची मुले त्या रुळांवरून प्रथम जात होती.

जिनात मुलांनी काय पाहिले ते थोडक्यात सांगतो. चामड्याचा रूळ फिरतो आणि कापसाचे तंतू धरून ओढतो. पोलादी पात्याशी सरकी अडते आणि खाली पडते. रुई पलीकडे जाते. सर्वत्र धूळ व तंतू उडत असल्यामुळे अर्ध्या तासात मुलांचे केस म्हाताऱ्यासारखे पांढरे झाले. यंत्रावर कापूस घालणाऱ्या स्त्रियांनी तोंडाला पदर बांधले होते, आणि त्यांची दोन लहान मुले रुईच्या ढिगाशेजारी निजली होती. मुलांचे लक्ष यंत्राकडे थोडा वेळ आणि त्या निजलेल्या मुलांकडे अधिक वेळ होते. दाबयंत्रातून बाहेर पडणारी गाठ पाहून मात्र सर्वजण स्तब्ध झाले. एक गाठ एकशे सत्तर किलोची.

दुसऱ्या दिवशी वर्गात हिशेब मांडला. एक क्विंटल कापसातून सुमारे चौतीस किलो रुई निघते. म्हणजे एका गाठीस पाच क्विंटल कापूस लागतो. आई दिवसाला किती वेचते, हे प्रत्येकाने घरी विचारून यावे, असे सांगितले. उत्तरे निरनिराळी आली. वीस किलो धरून चाललो, तेव्हा एका गाठीत आईची पंचवीस दिवसांची वेचणी आहे असा हिशेब निघाला. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग शांत झाला. मुले त्या गाठीकडे मनातल्या मनात पुन्हा पाहत होती असे आम्हांस वाटले. शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. आम्ही मनात फुगलो.

त्याच आठवड्यात ‘आम्ही पाहिलेला जिन’ हा निबंध लिहावयास दिला. वह्या घरी नेऊन तपासल्या. एका मुलीचा निबंध सर्वांहून सरस होता. यंत्राचे वर्णन सर्वांनीच केले होते. हिने त्याशिवाय असे लिहिले होते की, पहाटे दहिवर पडलेले असताना वेचलेला कापूस ओला असतो, त्याचे वजन जास्त भरते, म्हणून मालक तो घेताना हात लावून पाहतो. आणि बोंडाचे टोक बोटाला लागून रक्त आले तर कापसाला डाग पडू नये म्हणून बोट तोंडात धरायचे. आम्ही तो निबंध दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचून दाखविला. आमचे वाचन संपले आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, ते तं आलीच नव्हती जी.”

सारा वर्ग हसला. मुलगी मान खाली घालून बसली होती. आम्हीच गाडीत मुले मोजली होती, आम्हीच हजेरी घेतली होती. आणि आमच्या वर्गातील कोण आले नव्हते हे आमच्या ध्यानातही नव्हते! तिने मैत्रिणींस विचारून विचारून जिनाचे वर्णन मिळविले होते आणि कापसाचे आपल्या अनुभवातून लिहिले होते. सहलीच्या दिवशी पोट दुखत होते, असे तिने सांगितले. पोट दुखत नव्हते हे तिलाही ठाऊक होते व आम्हांसही. तिच्या घरी चार रुपये नव्हते.

बंधु-भगिनींनो, ती मुलगी आपल्या ज्ञातीतली होती. तिचे नाव आम्ही घेणार नाही व कृपा करून कोणी विचारू नये. आपल्या समाजात कोणास चार रुपयांची अडचण नाही, असे आपण या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकत आलो आहोत. प्रगतीचा अहवाल वाचताना तसे म्हणावे लागते, हे आम्ही समजू शकतो. परंतु आपल्या घरांत अडचणीपेक्षा अब्रू मोठी असल्यामुळे तिच्या आईने ना शेजारी मागितले, ना आम्हांस निरोप धाडला. मागितले असते तर चार रुपये आम्हीच घातले नसते काय? पण न मागता जाणण्याचे काम आमचे होते, आणि ते आमच्याकडून झाले नाही.

त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. प्रत्येक सहलीस न आलेल्या मुलांची नावे व न येण्याचे खरे कारण तीत लिहू लागलो. पोटदुखी, ताप, पाहुणे आले, ही सांगितलेली कारणे डाव्या बाजूस आणि खरी कारणे उजव्या बाजूस. उजवी बाजू भरावयास घरोघर जावे लागे. पैसा नाही, चप्पल नाही, धाकट्यास सांभाळावयाचे आहे, ढोरे राखावयाची आहेत, मुलगी मोठी दिसते, दूर पाठवायची नाही. वर्गणीची सहल आम्ही त्यानंतर फार कमी काढली. पायी जाता येईल तेथेच जाऊ लागलो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अडाणेच्या पात्रात वनभोजन केले. वर्गात एक मुलगा होता, तो महिन्यातून दहा दिवस येई आणि उरलेले दिवस गायक्यांबरोबर रानात असे. आमच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे शून्यांची ओळ असे, आणि त्यास मंद म्हणून आम्ही सोडून दिले होते. पात्र बरेचसे कोरडे होते, पिण्यास पाणी नव्हते, घागर आणण्यास विसरलो होतो. त्याने वाळूवर इकडे तिकडे फिरून एक जागा निवडली आणि हातांनी उकरू लागला. “इथं झिरा लागते जी,” एवढेच म्हणाला. हातभर खोलीवर स्वच्छ पाणी आले. तीच जागा का निवडली, असे विचारले तेव्हा म्हणाला, “ढोरं इथंच हुंगतात.”

ठाणे जिल्ह्यातील, हल्लीच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि पुढे त्यांनी व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. तेथे गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेण्याचा प्रयोग झाला. त्या प्रयोगास कुरणशाळा म्हणत. ताराबाई काही काळ आपल्या अमरावतीस राहिलेल्या. आम्ही त्यांच्याविषयी अध्यापक विद्यालयात परीक्षेपुरते वाचले होते. झिऱ्याचे पाणी पिताना ते प्रथम कळले. तो मुलगा मात्र चौथीनंतर शाळेत आला नाही. आम्ही दोनदा त्याच्या बापाकडे गेलो. तिसऱ्यांदा गेलो नाही.

आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो त्या गोष्टीकडे येतो. सहल निधी म्हणून मंडळाने काही रक्कम दरवर्षी बाजूस काढावी, आणि प्राथमिक शाळेतील एकही मूल पैशाअभावी मागे राहू नये अशी व्यवस्था करावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेवली आहे. ती ठेवताच काही सभासदांनी प्रश्न केला की, निधी समाजाचा आहे, तेव्हा तो समाजाच्याच मुलांस द्यावयाचा ना? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही एका जुन्या गोष्टीने देतो, आणि त्या गोष्टीत दोष आमचा आहे.

नोकरीच्या आरंभी, १९७९ साली, आम्ही एका दुसऱ्या गावी होतो. त्या गावाचे नाव येथे नको. तेथेही वनभोजन काढले होते. आदल्या रात्री चारदोन पालक घरी आले, त्यांत आपल्या ज्ञातीचे होते, आणि म्हणाले, मुले जाऊ द्या, पण पंगत वेगळी धरा. आमचे वय बावीस, नोकरी नवी, आणि बोलणारे वडीलधारे. आम्ही ‘बरे’ म्हणालो. रानात दोन पंगती धरल्या. एक लहान मुलगा पत्रावळ हातात घेऊन दोन्हींच्या मधे उभा राहिला आणि त्याने विचारले, “गुरुजी, मी कोणत्या पंगतीत बसू जी?” आम्ही तोंडाने काही बोललो नाही. बोट दाखविले. तो त्या बाजूस जाऊन बसला व मुकाट्याने जेवला.

बोरीस आल्यावर आम्ही वनभोजनाची रीत बदलली. प्रत्येकाने घरून मूठभर कणीक आणि एक वांगे आणावयाचे. सारी कणीक एका परातीत, सारी वांगी एका गंजात. रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजावयाचे आणि सर्वांनी एका पंगतीत खावयाचे. मिसळलेल्या कणकेतील कोणाची कोणती, हे कोणासही सांगता येत नाही. प्रारंभी दोन घरांनी मुलांस पाठविले नाही. वहीत उजव्या बाजूस तेही लिहिले आहे. तिसऱ्या वर्षी ती मुले आली. रोडग्यांचा वास गावापर्यंत जात असे, त्याचा हा परिणाम असावा.

तेव्हा, निधी आपल्याच मुलांस द्यावा असे ठरले तर गुरुजीने वर्गात उभे राहून काय करावे? अमक्या ज्ञातीची मुले उभी राहा, तुमचे पैसे आले आहेत, असे म्हणावे काय? ज्या मुलीने पोटदुखी सांगितली ती असे म्हटल्याने उभी राहील काय? वर्ग जातो तो सारा जातो, किंवा जात नाही. म्हणून निधी शाळेस द्यावा, वर्गासाठी द्यावा, आणि पावतीवर मंडळाचे नाव असावे, मुलांच्या नावांची यादी नसावी, एवढीच आमची विनंती आहे. हिशेबतपासनिसांस ही पद्धत गैरसोयीची वाटेल. त्यांच्याशी आम्ही स्वतंत्रपणे बोलू.

आजच्या सहलींविषयी थोडे बोलतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी बुडून मृत्यू पावले, त्यानंतर सहलींचे नियम पुष्कळ कडक झाले. ते व्हावयास हवेच होते. नदीपात्रात चाळीस मुले आणि एकटे गुरुजी, हे आमचे धाडस आज आठवले की अंगावर काटा येतो. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या काळात मुलांस दहा दिवस दप्तराविना शिकवावे असे म्हटले आहे, हेही चांगले आहे. परंतु सहल म्हणजे दूरची बस, पाण्याचे खेळ आणि हजाराची वर्गणी, असे जे समीकरण झाले आहे त्याने आमच्या वहीची उजवी बाजू वाढणारच. दोन कोसांवरच्या गोष्टी आजही फुकट आहेत. लाडखेडच्या बाजूस गवतात गेलेले रूळसुद्धा एका दिवसाचा पाठ होऊ शकतात.

ती निबंधाची मुलगी काही वर्षांपूर्वी आम्हांस यवतमाळच्या बसस्थानकावर भेटली. सातवीनंतर लग्न झाले, दोन मुले आहेत. तिनेच ओळखले, वाकून नमस्कार केला. बोलता बोलता म्हणाली, “गुरुजी, जिन पाहिला जी मी. तीन वर्सं तिथंच कामाले होती.” आणि हसली. त्या निबंधाची तिला आठवण आहे काय, हे विचारावयाचे आमच्या ओठांवर आले होते. तोच तिची गाडी लागली.

आमची वही चिटणीसांच्या स्वाधीन करतो. तीतील नावे त्यांनी कोणास दाखवू नयेत, उजव्या बाजूची कारणे मात्र कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत वाचून दाखवावीत.